घास उतरेना तेव्हा

माझ्या आजाराचं नाव मला ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी मी पोटाच्या डॉक्टरांना सांगितलं, "सॉरी, आज माझा उपास आहे."

त्यांनी फक्त एक खारं बिस्किट आणि पाण्याचा ग्लास पुढे ठेवला होता. मी कसा गिळतो एवढंच त्यांना बघायचं होतं. पण गेले काही महिने कोणी काही खायला पुढे केलं, की हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं. डॉक्टर उंच, गोरे आणि अतिशय सभ्य. त्यांनी आदराने विचारलं, "धार्मिक उपास?" मी तितक्याच गांभीर्याने मान डोलावली.

शेजारी माझी बायको मंजिरी बसली होती. ती म्हणाली, "कसला रे उपास? सकाळी दोन कप चहा ढोसलास." आणि मग तिने डॉक्टरांना इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी बिस्किट बाजूला सरकवलं. "घसा स्वच्छ आहे, अन्ननलिका स्वच्छ आहे, गिळण्याचे स्नायू उत्तम चालतात," ते म्हणाले. "हा फॅगोफोबिया आहे."

फॅगोफोबिया म्हणजे गिळण्याची भीती. घास अडकेल, श्वास कोंडेल, या धास्तीने माणूस अन्न तोंडात घेतो आणि तिथेच घोळवत बसतो. मी ओशाळून हसलो. म्हटलं, "म्हणजे मला काही झालेलं नाही." त्यावर डॉक्टर हसले नाहीत. "भीतीने झालेली उपासमार ही उपासमारच असते. वजन असंच उतरत राहिलं, तर पुढच्या भेटीत आपल्याला नाकातून नळी घालून अन्न देण्याबद्दल बोलावं लागेल."

नळी म्हटल्यावर मंजिरीने माझं मनगट घट्ट धरलं. मी त्या बिस्किटाकडे बघत राहिलो. एवढंसं बिस्किट. मला ते खरंच खाता आलं नसतं.

हे लिहितोय ते तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं काही चाललं असेल म्हणून. आमच्याकडे ते सुरू झालं एका बाकरवडीने. आम्ही इकडे परदेशात राहतो त्या पार्सिपनी गावातच एका मित्राकडे जमलो होतो. त्याची मुलं भराभरा खात होती आणि मी त्यांना सावकाश, चावून कसं खावं यावर सुनावत होतो, तोंडात बाकरवडी ठेवून. ती अडकली. आवाज फुटेना, श्वास येईना. तिथे एक रिटायर्ड हार्ट स्पेशालिस्ट काका होते, त्यांनी मागून विळखा घालून माझं पोट जोरात दाबलं आणि तुकडा समोरच्या कार्पेटवर पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चहा आला.

मला वाटलं, विषय संपला. पण आधी चिवडा सुटला, मग पोळी, मग भात. प्रत्येक घासाला घसा आवळल्यासारखा वाटायचा. शेवटी ताक, वरणाचं पाणी आणि गाळलेलं सूप एवढ्यावर आलो.

लोकांना हे कसं सांगायचं? पन्नाशी ओलांडलेला इंजिनिअर पोळीला घाबरतो? म्हणून मी उपासांची सबब शोधली. आधी संकष्टी, मग एकादशी, मग गुरुवार. पण आपल्यात उपासाला जास्तच खाऊ घालतात, हे मी विसरलो होतो. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नलूकाकू माझ्यासाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. साबुदाणा! गिळायला भिणाऱ्याला याहून भयंकर पदार्थ नसेल. "आज निर्जळी आहे," मी म्हटलं. काकूंनी हात जोडले. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीची पूजा सांगायला त्यांनी माझं नाव सुचवलं. बाकीचे म्हणत, "यार, काय मस्त बारीक झालायस, कुठलं डाएट?" मंजिरीला वाटत होतं मला ऑफिसचं टेन्शन आहे. पण एकदा माझी पँट चालता चालता घसरली आणि तिने घशाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

मग तपासण्या. नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहिला. बेरियम स्वॉलो केलं, म्हणजे खडूसारखा पांढरा द्रव पाजतात आणि तो खाली जाताना एक्स-रे काढतात. मग भूल देऊन एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून अन्ननलिका आतून बघतात. प्रत्येक वेटिंग रूममध्ये टीव्हीवर कोणी ना कोणी पास्ता शिजवत असायचं. रिपोर्ट नॉर्मल आला की मी आणखी खचायचो. गाठ निघाली असती तर निदान काही दाखवायला तरी होतं! असले विचार डोक्यात येत. पण तपासण्या आधी करायच्याच. माझ्या पुढच्या डॉक्टरांनी तर ते रिपोर्ट बघितल्याशिवाय मला खुर्चीत बसूसुद्धा दिलं नसतं.

त्या म्हणजे डॉ. हेलन, सायकॉलॉजिस्ट. त्या सायकोथेरपीत क्लिनिकल हिप्नोसिस वापरतात, असं पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझी आणखी गाळण उडाली. हिप्नोसिस म्हणजे संमोहन. साताऱ्याला आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला एका जादूगाराने आमच्या फिजिक्सच्या सरांना कांदा सफरचंद म्हणून खायला लावला होता. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, इट्स थेरपी, नॉट अ मॅजिक शो." मंजिरी म्हणाली, "गुंगीत काही कबूल करशील अशी भीती वाटते का? तुझं काही नसतं रे कबूल करण्यासारखं."

डॉ. हेलनच्या खोलीत डोळ्यांपुढे झुलवायचा लोलक नव्हता. एक आरामखुर्ची आणि एक मलूल झाड होतं. त्या म्हणाल्या, "ही झोप नव्हे. सिनेमात रंगलात की शेजारी कोण काय खातंय हे ऐकू येईनासं होतं, तसं लक्ष एका ठिकाणी गोळा होतं. तुम्हाला सगळं ऐकू येईल. कधीही डोळे उघडून निघून जाता येईल. आणि हिप्नोसिस हा उपचार नाही, हत्यार आहे. उपचार म्हणजे भीती वाटते त्या वाटेने थोडं थोडं चालणं. ती वाट आपण आधी मनात चालून बघू." सगळ्यांना हे सारखं लागू पडत नाही, काही मानसिक आजारांत तर वापरतही नाहीत, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

डोळे मिटल्यावर त्यांनी मला शांत वाटणारी एक जागा निवडायला सांगितली. परीक्षेत अपेक्षित उत्तर द्यायची सवय, म्हणून मी म्हटलं, "समुद्रकिनारा." पुढचा सगळा वेळ मी त्या किनाऱ्यावर पार्किंग शोधत होतो. शेवटी तसं सांगून टाकलं. त्या खळखळून हसल्या. "मग खरोखर कुठे शांत वाटतं?" मी खरं ते सांगितलं, "घरी आल्यावर. गराजमध्ये. गाडी बंद करून आत जायच्या आधी जरा वेळ बसतो तेव्हा." "मग तिथेच जाऊ," त्या म्हणाल्या.

गराज जमलं. इंजिन थंड होतानाची टिकटिक, मागे खाली येणारं दार, आणि खांदे सैल पडले. त्या स्थितीत त्या मला एक घोट, मग दह्याचा एक चमचा नुसता मनात गिळायला लावायच्या. घसा आवळला की पुन्हा गराजमध्ये. मग डोळे उघडून खरा चमचा. दही उतरलं.

पण घरी गाडी अडली. त्यांनी रोज ऐकायला त्यांच्या आवाजातलं इंग्रजी रेकॉर्डिंग दिलं होतं. ते ऐकताना मला मॅनेजरच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखं वाटायचं, मी मनात मुद्दे काढायचो. डॉ. हेलननी विचारलं, "घरी तुम्हाला जेवायला कोण बोलावतं? कुठल्या भाषेत?" आणि पुढच्या वेळी त्यांनी मंजिरीलाच बोलावलं. नवं रेकॉर्डिंग करायचं ठरलं: मजकूर त्यांचा, मराठी तिची, आवाजही तिचा.

त्यात एक वाक्य होतं. सूचना हुकूम वाटू नये, माणसाला मोकळीक हवी, म्हणून ते त्यांनी मुद्दाम घातलं होतं. मंजिरीने त्याचं मराठी केलं: "हवं तर घे, नको तर राहू दे." आता सांगा, आपल्या स्वयंपाकघरात हे वाक्य कोणी कधी उच्चारलंय? आपल्याकडे "घे रे, एवढंसं तर आहे", "पानात काही टाकायचं नाही", "माझी शपथ". आग्रहाशिवाय वाढलं तर आम्हाला अपमान वाटतो. मी सहा महिने त्या आग्रहापासूनच तर पळत होतो.

मंजिरी फोन घेऊन डायनिंग टेबलाशी बसली. आधी रेडिओवर बातम्या देतात तसा आवाज लावला. "तुझ्या पापण्या जड होत आहेत..." मला हसू आलं. "हसू नकोस, परत करावं लागतं," ती ओरडली. मग त्या वाक्याशी आली. "हवं तर घे, नको तर... अरे पण खा ना रे थोडं!" कट. पुन्हा. "हवं तर घे, नको तर नंतर घे." कट. "नंतर नाही, राहू दे," मी म्हटलं. "मला येत नाही ते म्हणायला!" ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "नको तर राहू दे म्हणायचं, आणि तू खरंच राहू दिलंस तर? नळी घालणार आहेत तुला."

मला वाटत होतं घाबरलोय तो मी एकटा. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिने नाक पुसलं, फोन पुन्हा चालू केला आणि अगदी हळू, रोजच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. मध्येच कुकरची शिट्टी झाली. तीही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी ती काढू दिली नाही.

रोज ते ऐकून मग मऊ भात. गुरगुट्या, तूप घातलेला. पहिल्या दिवशी मंजिरीने ताटली ठेवली आणि पाठ फिरवून सिंक घासू लागली. एकदाही आग्रह केला नाही. तिला ते किती जड गेलं असेल ते त्या सिंकच्या चकाकीवरून कळत होतं. मी चार घास खाल्ले.

सगळं सरळ झालं नाही. पोळीच्या पहिल्या तुकड्याला मी बेसिनकडे धावलो आणि थुंकून आलो. हरलो, असं डॉ. हेलनना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी असं झाल्यावर तुम्ही काय केलं होतं?" मी म्हटलं, "आठवडाभर सूप." "आणि या वेळी?" "मनातल्या मनात गराजमध्ये जाऊन आलो. मग परत भात खाल्ला." त्या हसल्या.

पोटाच्या डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा नर्सने वजन घेतलं. मी बूट काढलेत का, हे मंजिरीने दोनदा पाहिलं. काटा थोडासाच, पण वर सरकला होता. डॉक्टरांनी नळीचा विषयच काढला नाही. मंजिरीने तो मुद्दाम काढला आणि "नको ना?" असं विचारून घेतलं. "आता गरज नाही," ते म्हणाले.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर आधी सगळ्या तपासण्या करा. मग लायसन्स असलेला, या भीतीवर काम केलेला थेरपिस्ट शोधा, आणि हिप्नोसिसला तमाशा समजू नका. मला कुणी काही विसरायला लावलं नाही. घसा माझाच होता, तो सैल कसा सोडायचा एवढं शिकलो. पोटाच्या डॉक्टरांचे, हेलनबाईंचे, पोट दाबणाऱ्या काकांचे माझ्यावर उपकार आहेत. नलूकाकूंनाही मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, माझ्या बहिणीला असंच झालं होतं. आम्ही नुसते तिला रागावत होतो."

बाकरवडी अजून मी हातात घेत नाही. पण परवाच्या रविवारी पोळी, फ्लॉवरची भाजी आणि वरण असं साधं जेवण आम्ही दोघं जेवलो. हिच्या मैत्रिणीच्या मुलाने कुठलं कॉलेज घ्यावं यावर आमचा वाद रंगला होता. बोलता बोलता माझं ताट रिकामं झालं आणि मला ते कळलंही नाही.

ताटं उचलताना मंजिरी थबकली. तिने कढईतली थोडी भाजी बोटाने चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय की रे यात. आज कळलं मला. इतके दिवस मी तुझ्या गळ्याकडे बघत जेवत होते, चव कुठली लागणार?"