सुनीती खांबेटे पडल्या त्याची गोष्ट

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या म्हाताऱ्या माणसांनी पडू नये, ही जबाबदारी गेली एकोणीस वर्षं सुनीती खांबेटे यांच्यावर होती. दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये त्या ऐंशीच्या आगेमागे असलेल्या डझनभर मंडळींकडून व्यायाम करून घेत. फिजिओथेरपिस्टबाईंचा दराराच असा, की काठी घरी विसरायची कोणाची छाती नव्हती.

सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना व्हेरिफोकल चष्मा लागला. वरून लांबचं बघायचं, खालून जवळचं. ऑप्टिशियन म्हणाली, "वाचताना मान वाकवू नका, फक्त नजर खाली न्या. बाजूचं बघायला नाक तिकडे वळवा. सवयीला दोन आठवडे लागतील."

'लागत असतील इतरांना,' सुनीतीबाई मनात म्हणाल्या.

घरी पेपर उघडला, तर ओळीची सुरुवात स्वच्छ आणि शेवट पाण्यात बुडालेला. त्या हनुवटी वरखाली करत बसल्या. इथेच जन्मलेली त्यांची मुलगी शाल्मली म्हणाली, "आई, तुझी चष्मा उलटी आहे का?"

"तुझा चष्मा. आणि उलटा नाहीये."

पाचव्या दिवशी मंगळवार आला. हॉलच्या स्टेजवर उभं राहून त्या पत्रक वाचून दाखवत होत्या. पत्रक त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिलेलं. "नियम सहावा. व्हेरिफोकल लावून पायऱ्या उतरताना..." असं म्हणत त्या पायरी दाखवायला पुढे झाल्या. खालच्या काचेतून पायरी चार बोटं वर आलेली दिसली. पाऊल तिथे टाकलं. तिथे काहीच नव्हतं.

सुनीतीबाई थेट हॉलच्या जमिनीवर. मग सारा नावाच्या त्र्याऐंशी वर्षांच्या माजी बस ड्रायव्हरबाईंनी काठी आपटली.

"घाई करायची नाही! आधी कुठे दुखतंय का बघा."

"मी अगदी ठीक आहे..."

"ते तुम्ही ठरवायचं नाही," सारा म्हणाल्या. हे वाक्य सुनीतीबाईंचंच होतं, पडल्यावर उठायच्या सरावातलं.

"कुशीवर वळा!" मागून कोणी ओरडलं. "आता गुडघ्यांवर!" "खुर्ची आणा, खुर्ची!"

सुनीतीबाई तशाच उठू लागल्या, तर सारांनी काठी आडवी धरली. "खुर्चीला धरून. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

एकोणीस वर्षांत या मंडळींच्या चेहऱ्यावर इतकं तेज त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या मुकाट्याने कुशीवर वळल्या.

नियमाप्रमाणे अपघाताचा फॉर्म भरणं आलं. अक्षरं मुंगीएवढी, कंबरेपासून मानेपर्यंत ठणकत होतं, मान वाकवायची सोय नव्हती. त्या ताठ बसल्या, फक्त नजर खाली नेली, आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लख्ख दिसला. साक्षीदाराच्या रकान्यातला सारांचा शेराही:

'उठणं समाधानकारक. पडण्याआधी विचार करायला हवा होता.'