आडवा होणारा खांब

आज ग्रीसचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी सास्तूरच्या आमच्या अंगणात, लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका सकाळी जाऊन पोचले.

घरच्या पवनचक्कीचा खांब मीच आखला होता. मुरुम गावच्या भंगारबाजारातून बोअरचे जुने पाइप निवडून आणले, बुडाशी बिजागरी बसवली, चारी बाजूंनी तारांचे ताण दिले. तार गुंडाळणारी विंच हातानं फिरवली की खांब उभा राही आणि दुरुस्तीसाठी तसाच हळूहळू जमिनीवर येई.

सासऱ्यांना मात्र तो नको होता. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा धाकटा भाऊ भिंतीखाली गेला होता. "घराजवळ इतकं उंच काय नको, पोरी. पडलं म्हंजी?"

बघायला जमलेल्यांतला एकजण हसला, "बाईनं बांधलंय. पडणारच की!"

माझं डोकं सणकलं. "पडायची वाट कशाला बघता? मीच आडवा करते." ग्रीसनं माखलेल्या हातांनी मी खांब खाली आणला, उभा केला, पुन्हा खाली आणला. तळहातांना फोड आले, तरी थांबले नाही.

मग सासरे पुढं आले. "सरक. आता म्या करतो." त्यांनी विंचीचा दांडा माझ्या हातातून घेतला. त्यांनी खांब उभा केला, एकेक ताण ओढून पाहिला आणि त्या माणसाला म्हणाले, "माझ्या सुनेनं बांधलाय. हास आता."

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आज त्यांच्या त्या वेळच्या वयाला पोचल्यावर कळतं, मनात ती भीती असूनही विंच हाती घेणारे तेच त्या सकाळी माझ्यापेक्षा हट्टी होते. दुपारी ते त्या खांबाखालीच जेवायला बसले, आणि भाकरी वाढायला मला तिथं बोलावलं.