तिसरा चिरा

हे मी वकिलाला सांगितलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. तिसऱ्या चिऱ्याचा तो प्रश्न लिहिला, हा माझा निव्वळ मूर्खपणा. पण मूर्खपणा कबूल करणं सोपं हो — त्याच्याखाली झाकलंय त्याचं काय?

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. धाकट्या जावेनं, सुमतीनं, रत्नागिरीच्या कोर्टात माझ्यावर दावा लावला होता. वाटण्या झाल्या, विहीर सामाईक राहिली, आणि विहिरीकडे उतरणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, पाखाडी, आली माझ्या आवारात. मी पाखाडीच्या तोंडावर दगड रचून गडगा घातला. का? भावजी गेले तरी ही बाई माझ्यापुढे वाकली नाही — एवढंच. मग ती हंडा-कळशी घेऊन रस्त्यानं अर्धा मैल वळसा घालू लागली. मी पडवीतून बघायची. बरं वाटायचं.

कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, मी ठोकून दिलं — तिथे वाट कधी नव्हतीच! वर तिच्याकडून तपशील मागवले. एकेचाळीस प्रश्न. पहिल्यांदा गेलीस तो वार कुठला? हंडा तांब्याचा की पितळेचा? जाताना पाहिलं कोणी? सातवी पास मी, पण ऐट बॅरिस्टरची. वकील कपाळाला हात लावायचे नि अर्ज द्यायचे. प्रत्येक अर्जाला नवी तारीख, प्रत्येक तारखेला तिला एसटीचा हेलपाटा. मला दुसरं काय हवं होतं?

शेवटी न्यायाधीश वैतागले. “वाट कुठून कुठे, केव्हापासून, हे त्यांनी दिलंय. तेवढंच मागता येतं. बाकी सगळा पुरावा, तो साक्षीच्या वेळी विचारा. हंडा कशाचा होता याच्याशी कोर्टाला काय करायचंय?” अर्ज फेटाळला. सदतिसावा प्रश्न त्यांनी बहुधा वाचलाच नाही: ‘तिसरा चिरा हलतो, तो कुठल्या बाजूला?’

जिथे वाटच नव्हती, तिथला चिरा हलतो हे मला कसं ठाऊक?

सुमतीनं मात्र वाचला होता. तोवर दोन वर्षं गेली होती, हेलपाटे तिला झेपेनात. तिनं दावा काढून घेतला. गडगा मी पाडला नाही, अजून आहे. ती मला आवडत नव्हती, आजही नाही.

दावा काढला त्या दिवशी कोर्टाच्या ओट्यावर तिनं मला गाठलं. आवाज चढवला नाही — मेली कधी चढवतच नाही. म्हणाली,

“वहिनी, लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच चिऱ्यावरून मी पडले. तुम्हीच मला पाठुंगळीला घेऊन वर आलात. साक्षीदारांत तुमचं नाव मी मुद्दाम घातलं नाही. तुम्हाला शपथेवर खोटं बोलावं लागलं असतं.”