निवलेली कॉफी

शिहादेला वाद घालायला आवडायचं आणि गावाला शिहादेशी वाद घालायला. दुपारी कुणाला काम नसलं की माणसं त्याच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात यायची, जुन्या बॅटऱ्यांवर बूड टेकवायची आणि मुलाच्या नावावरून त्याला अबू लैस, लैसचा बाप, म्हणत मुद्दाम खुसपट काढायची. "काय अबू लैस, पेट्रोल पुन्हा महाग झालं. तुझी क्रांती कुठे अडकली? करकच्या घाटात?" की झालं. गाडीचा डायनॅमो तसाच उघडा टाकून, तेलकट बोटं नाचवत शिहादे सुरू व्हायचा. शाळा आठवीतच सुटलेली. पावाच्या भावावरून दंगा झाला तेव्हा पोरसवदा वयात पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या, आणि त्या काठ्या नेमक्या कशासाठी खाल्ल्या हे समजून घ्यायला त्यानं नंतर वाचायला घेतलं. जे हाताला लागेल ते वाचलं. त्यामुळं त्याच्या डोक्यात कायद्याची कलमं, वर्तमानपत्रांतले आकडे आणि बाजारातल्या शिव्या अशा एकाच डब्यात भरलेल्या होत्या. हात घालील तेव्हा हवं ते निघायचं.

आणि तरी इतक्या वर्षांत त्यानं एकही वाद जिंकला नव्हता. हरलाही नव्हता. त्याचा मुद्दा कुणी खोडायचंच नाही! तो घाम फुटेपर्यंत बोलायचा आणि समोरचा हसून म्हणायचा, "तुझ्या जिभेला देव आयुष्य देवो. चहा सांग." भिंतीवर डोकं आपटलं तर निदान डोकं तरी फुटतं. इथं भिंतच गादीची होती.

समोर राहणारा अबू राकान, कोंबडीवाला, हा त्यातला मुख्य. "तू माझ्या मेंदूला व्यायाम देतोस," तो म्हणायचा.

"आधी असायला हवा," शिहादे म्हणायचा.

"बघ, हे खरं बोललास!" आणि हसून हसून खोकायचा.

निवडणूक आली तेव्हा कबिल्याच्या बैठकीच्या दालनात, मदाफ्यात, सगळे पुरुष जमले. कबिल्याचा उमेदवार एकच असायचा. तो मदाफ्यात ठरायचा आणि पुढं मतदान म्हणजे नुसता उपचार. बायकांना बसमधून केंद्रावर न्यायचं, हातात उमेदवाराचा फोटो द्यायचा, की चुकायचं काम नाही. या खेपेला पाशाचं नाव होतं. निवृत्त ब्रिगेडियर, रंगवलेल्या मिशा, बोलण्यापूर्वी घसा खाकरायची सवय.

"माझा एकच प्रश्न आहे," शिहादे उभा राहिला.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं आणि दालन हसलं.

"पाशा निवडून आल्यावर काय करणार?"

"आपला माणूस आहे तो," शेजारचा म्हणाला.

"ते कळलं. करणार काय?"

"अबू लैस, तुझ्या लैसला आखाती देशात जायला शिफारसपत्र कुणी दिलं होतं?" अबू राकान लांबून ओरडला. "पाशानंच ना? मग बस खाली, कॉफी पी."

पुन्हा हशा. पाशानं तर दाढी कुरवाळल्यासारखा हात हनुवटीवरून फिरवला आणि म्हणाला, "बोलू द्या त्याला. लग्नात ढोल हवाच."

ते ढोल शिहादेच्या वर्मी लागलं. कानशिलं तापली. अशा वेळी त्याला समोरची माणसं दिसायची नाहीत, नुसता वाद दिसायचा, आणि हाताला लागेल तो दगड तो भिरकावायचा.

"तुमच्यापेक्षा तुमच्या पोरी शहाण्या!" तो म्हणाला. "माझ्या वरच्या मजल्यावर मिस जुमाना राहते, मुलींच्या शाळेतली. तिनं वर्गात निवडणूक घेतली. पडद्याआड चिठ्ठी, कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि भाषणात एक पोर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, माझं मत मी माझ्या बापालाही सांगणार नाही. चौदा वर्षांची पोर! कोणाची? विचारा मुफलेह काकांना. त्यांचीच नात, रनीम!"

तो टाळीची वाट बघत थांबला. निदान हशाची.

मदाफ्यात कुणी हललं नाही. मुफलेह काका, शिहादेच्या मेलेल्या बापाचे थोरले भाऊ, कबिल्यातले सर्वांत वयस्क, कोपऱ्यातल्या गादीवर बसले होते. त्यांच्या हातातली जपमाळ थांबली. त्यांनी शिहादेकडे पाहिलं नाही. पाशाकडे पाहिलं. पाशानं घसा खाकरला.

घरी आल्यावर बायकोला, फिद्दाला, त्यानं सगळं रंगवून सांगितलं. "अशी तोंडं बंद केली एकेकाची!"

फिद्दा भेंडी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "मिसचं नाव घेतलंस? भर पुरुषांत पोरीचंही?"

"मग? अभिमानाची गोष्ट आहे."

"कोणाच्या अभिमानाची?" ती म्हणाली, आणि पुन्हा सुरी उचलली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानावर वाद बंद झाला. माणसं यायची, पण बॅटऱ्यांवर बसायची नाहीत. शिहादे मुद्दाम डिवचून बघायचा, पाशाच्या मिशांपासून पाण्याच्या टंचाईपर्यंत. समोरचा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे तुझं, अबू लैस." अबू राकानसुद्धा म्हणाला. शिहादेनं त्याला हटकलं, "अरे शिव्या दे! मेंदूचा व्यायाम कुठं गेला?" तर तो नजर चुकवून म्हणाला, "नाही, बरोबर आहे तुझं." आयुष्यभर ज्या दोन शब्दांसाठी तो तडफडला, ते आता गाव त्याला फुकटात देत होतं.

मग दुरुस्तीला गाड्या यायच्या थांबल्या. पाण्याचा टँकर गल्लीत आला आणि त्याच्या दारावरून सरळ पुढं गेला. शाळेत मुख्याध्यापिकेनं जुमानाला सुचवलं, की तब्येत बरी नसेल तर इर्बिदला आईकडे जाऊन ये. "माझी तब्येत ठणठणीत आहे," जुमाना म्हणाली आणि वर्गावर गेली. वर्गात रनीमचा बाक रिकामा होता. तिला घरच्यांनी शाळेतून काढलं होतं.

आणि ती गाडी. पांढरी, काचा काळ्या. संध्याकाळच्या नमाजनंतर ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, इंजिन चालू ठेवून. शिहादेला आत बसलेला दिसत नव्हता, पण डायनॅमोची ती बारीक शीळ तो ओळखत होता. बेअरिंग त्यानंच बदललं होतं. गाडी पाशाच्या पुतण्याची होती.

जुमाना जिन्यात भेटली तेव्हा तो म्हणाला, "मिस, घाबरू नका. मी आहे."

तिशीची, चष्मा लावणारी, कमी बोलणारी बाई. शिहादेला ती काकाच्या नात्यानं अम्मो म्हणायची. "तुम्ही आहात म्हणूनच विचारते, अम्मो. त्यांना रनीमचं नाव कळलं कसं?"

ती उत्तराला थांबली नाही.

शुक्रवारच्या नमाजनंतर ते आले. तीन गाड्या, सात माणसं, अंगावर काळे झगे, डोक्यावर इस्त्रीचे रुमाल. पुढं मुफलेह काका, पाशाच्या खांद्यावर हात टेकून. मागच्या रांगेत अबू राकान, मान खाली. समोरच्या घरातला माणूस, पण तोही गाडीत बसून आला होता. शिष्टमंडळ म्हणून यायचं तर तसंच यायचं असतं.

फिद्दानं खिडकीतून पाहिलं आणि शिहादेचा हात घट्ट धरला. "ऐक. आधी त्यांना मागू दे. काय मागतात ते पूर्ण ऐक. मग तोंड उघड. कळलं?"

"मला शिकवतेस?"

"हो."

तो तयारीत होता. आठवडाभर मनात घोळवलेलं सगळं भाषण जिभेवर होतं. भाडेकरार कायदेशीर आहे. बाई सरकारी नोकर आहे. मतदान गुप्त असतं हे घटनेत लिहिलंय. येऊ दे, तो मनाशी म्हणाला. आज वादच होऊन जाऊ दे.

माणसं बसली. शिहादेनं स्वतः कॉफी ओतली, कडू, वेलदोड्याची, उजवीकडून सुरुवात करून. मुफलेह काकांनी तो चिमुकला कप घेतला आणि ओठांना न लावता समोर जमिनीवर ठेवला. मग पाशानं. मग एकेक करत सातही जणांनी.

मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही. ती तशीच निवत राहते, आणि जितकी निवते तितकी त्या घराची अब्रू उतरत जाते. यजमानानं म्हणायचं असतं, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते तुम्हाला मिळालं." मोठ्या मनाचा यजमान मागणं न ऐकताच म्हणतो. शिहादेच्या बापानं असं न ऐकता दोनदा म्हटलं होतं. एकदा त्यात जमीन गेली, एकदा सगळ्यात धाकटी मुलगी. त्याला अजून गाव नावाजत होतं.

शिहादे वाट बघत बसला. कुणी मागेना. मुफलेह काकांनी त्याच्या बापाची आठवण काढली. पावसाची चौकशी केली. लैस फोन करतो का, विचारलं. घोड्यावर स्वार व्हावं आणि घोड्यानं चालायलाच नकार द्यावा, तसं शिहादेचं भाषण त्याच्या घशात उभं राहिलं.

"काका, काय ते बोला," तो शेवटी म्हणाला.

"बोलणार काय?" म्हातारा म्हणाला. "तुझ्या घरात बसलोय. आमची कॉफी आमच्यासमोर आहे."

म्हातारा हात टेकवायला जागा शोधत होता. बाप गेला तेव्हा याच हातानं शिहादेला शाळेचे बूट घेतले होते. शिहादेनं नजर फिरवली तर ती कपांवर पडली. सात कप, काळे, काठाशी कॉफीची कड सुकू लागलेली.

पाशा हसला. अगदी हलकं. "अबू लैसच्या बापाच्या घरात कॉफी कधी निवलेली मी पाहिली नव्हती," तो छताकडे बघत म्हणाला. "चला, तेही बघून झालं."

आतल्या दारामागून फिद्दाचं काकण वाजलं. त्यानं ऐकलं नाही. कानशिलं तापली होती. याच्यासमोर? या मिशाळ्यासमोर माझ्या बापाचं घर कंजूष ठरणार?

"प्या!" तो ओरडलाच. "कॉफी घ्या, काका. ज्यासाठी आलात ते तुम्हाला दिलं!"

सात हात एकदम खाली गेले. सात कप रिकामे झाले. कुणी घाई केल्यासारखं दाखवलं नाही, पण कुणी थांबलंही नाही. अबू राकान सर्वांत शेवटी प्यायला.

मुफलेह काकांनी ओठ पुसले. "देव तुझं घर भरलेलं ठेवो," ते म्हणाले. "ती बाई आज संध्याकाळच्या आत गावाबाहेर जाईल. आणि जायच्या आधी मदाफ्याच्या दारात उभी राहून सांगेल, की रनीम तसं काही बोलली नव्हती, तिनंच पोरीच्या तोंडी घातलं."

शिहादेला सगळं भाषण आता आठवलं. कलमांसकट. "काका, कायद्यानं..."

"तू दिलंस," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "आम्ही बाहेर थांबतो."

तो जिना चढून वर गेला. दार जुमानानं आधीच उघडलं होतं. खालचं सगळं वर ऐकू जायचं.

"मिस, माझ्या तोंडून..."

"ऐकलं."

"तुम्हाला माहीत नाही आमच्याकडे शब्द म्हणजे काय असतं. माझा बाप..."

"अम्मो," ती म्हणाली. "मी काय तुमच्या दिवाणखान्यातली सतरंजी आहे? पाहुण्यानं मागितली आणि गुंडाळून दिली? भाडं देते मी. तुम्ही माझ्या नावानं वाद घातलात, मला न विचारता. आता मला देऊन टाकलंत, तेही न विचारता. त्या पोरीनं खरं तेच सांगितलं. मी तिला खोटं पाडणार नाही. जाणारही नाही. त्यांना सांगा, हवं तर दार फोडा."

आयुष्यात पहिल्यांदा शिहादेला कुणीतरी मुद्द्यावर उत्तर दिलं होतं, आणि त्याच्याकडे पुढचा मुद्दा नव्हता.

तो खाली उतरला. फिद्दा दारात उभी होती. ती बाजूला झाली. त्यानं फाटक उघडलं. काका पुढच्या गाडीत बसले होते, काच खाली केलेली.

"काका, मी जे दिलं ते माझं नव्हतं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, इतका तो साधा होता. "मी शब्द परत घेतो."

तो वाट बघत होता. शिवी येईल, शाप येईल, निदान बापाचं नाव निघेल. काहीही चाललं असतं. त्यावर बोलता आलं असतं.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मेलेल्या माणसाचा चेहरा शेवटचा बघावा तसं. मग मान वळवून मागच्यांना म्हणाला, "ऐकलंत सगळ्यांनी. आजपासून या घराला कुणी काही केलं, तर त्याबद्दल विचारायला कबिल्याचा माणूस येणार नाही." आणि काच वर केली.

गाड्या गेल्या. ऊन अजून होतं, पण गल्लीतली पोरं कुणीतरी आत बोलावली होती. एका घराची खिडकी लागली, मग दुसऱ्याची. वरच्या मजल्यावर जुमाना पडदा बाजूला करून उभी होती, आणि तिला आत जा म्हणावं असं शिहादेला वाटलं, पण आता तिला काही सांगायचा हक्क आपल्याला उरलाय का हे त्याला कळेना.

अबू राकान गाडीतून मध्येच उतरला होता. तो गल्लीतून चालत परत येताना दिसला. शिहादेनं हात वर केला. अबू राकाननं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्याचा कोंबड्यांचा टेम्पो नेहमीप्रमाणे शिहादेच्या कुंपणाला चिकटून उभा होता, कारण तिथं सावली असायची. त्यानं किल्ली काढली, टेम्पो सुरू केला, हळूहळू मागं घेतला, आणि पार गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात नेऊन लावला.