फाईलमधला आकडा

आमच्या ऑफिसातले सर्व्हर सांभाळणाऱ्या ताई भलत्या काटेकोर. दर सोमवारी त्यांचा प्रोग्राम प्रत्येक सर्व्हरची आवृत्ती बघून जुने, धोक्याचे सर्व्हर हुडकायचा. सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तिची आवृत्ती एका साध्या फाईलमध्ये लिहिलेली असते. ताईंच्या प्रोग्रामसकट सगळे प्रोग्राम तिच्यावरच विश्वास ठेवतात. एका जुन्या सर्व्हरवर मला हवं ते सॉफ्टवेअर बसेना, म्हणून मी शहाण्यानं त्या फाईलमधला आकडाच वाढवला. सॉफ्टवेअर मुकाट बसलं. आकडा पूर्ववत करायचं राहिलं.

दोन वर्षांनी सायबर चोर नेमके त्याच सर्व्हरमधून घुसले. साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

संध्याकाळी ताई माझ्या टेबलापाशी आल्या. "दादा, माझ्या तपासणीत कुठे चुकलं, तुम्ही शोधून द्याल? तुमच्याइतका भरवसा कुणावर नाही."

सांगायला लाज वाटते, त्या वळताच मी आधी तो आकडा गुपचूप पुन्हा जुना केला.