परकराच्या खिशातली पिशवी

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी लोकांचे असले गूढ अनुभव वाचते आणि हसते. टेपने मोजता येईल तेवढंच खरं मानणारी मी. आज स्वतःचाच अनुभव लिहितेय, तोही लाजत...

मी परंड्याची, लेडीज टेलर. पित्तनलिकेचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पोटातून बाहेर एक नळी आणि नळीला पिशवी. त्यात हिरवट पित्त साचतं. "पिशवी कायम खाली लोंबती ठेवा, नळी दबू देऊ नका," नर्सने बजावलं होतं. नवरा सोडून मी कोणालाच हे कळू दिलं नाही.

मग ईट गावी भाचीचा साखरपुडा आला. पिशवी खाली सोडली की साडीतून फुगवटा दिसायचा. त्या सकाळी दार लावून परकराला आतून, कमरेपाशीच, खिसा शिवला. पिशवी त्यात कोंबली, वरून नाडी गच्च. हे नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मांडवात बायकांमध्ये बसले आणि बरगडीखाली कळा सुरू झाल्या. अंगाला कापरं भरलं. उठायला हवं होतं — पण उठताना कोणाला दिसलं तर? बसूनच राहिले.

तेवढ्यात नवरा माझा फोन घेऊन आला. "घे, कोण बाई आहे बघ. लई घाईत आहे."

"अक्का, उठा आधी! खिशातली पिशवी भायेर काढा. नाडीखाली नळी दबलीय तुमची."

आवाज धाकट्या जावेचा. ती तुळजापूरला असते. वाटणीपासून आमचं बोलणं बंद. तिचा नंबरही मी पुसून टाकलेला.

आतल्या खोलीत जाऊन नाडी सोडली. पित्त भसाभस पिशवीत उतरलं. तिथून तडक दवाखाना. डॉक्टर इतकंच म्हणाले, "वेळेत आलात."

बरं वाटल्यावर जावेला फोन लावला. "तुला कोणी सांगितलं?"

"आता गं बया! तुमीच की, फोनवर. लेकरावानी रडत होता."

"मी? मी रडत नाही."

"मला बी तेच नवल वाटलं. म्हणत होता, मरंन मी, पण या बायकांतून उठवत न्हाय."

माझा फोन तेव्हा नवऱ्याच्या खिशात होता. माझ्याकडून तिला गेलेला कॉल दोघींच्याही फोनात दिसत नाही. पण मांडवात बसून मनात मी अगदी हेच म्हणत होते... याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

मदत माझ्या आवाजात कोणी मागितली, देव जाणे. आभार मात्र मलाच मानायचे आहेत. रोज तिचा नंबर काढते... आणि फोन ठेवून देते.