जेवणाच्या सुट्टीतला घाना

शिकागोजवळ शॉमबर्गच्या एका विमा कंपनीत मी एकोणीस वर्षं काम केलं. त्यातली अकरा वर्षं दुपारी जेवायला माझ्यासमोर एक घानाची बाई असायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आधी शेजारच्या डेस्कवर होती, मग आमची मॅनेजर झाली. तरी डबा घेऊन माझ्याच टेबलावर यायची, याचं मला फार कौतुक होतं.

ओळख झाली दाण्याच्या आमटीमुळे. संकष्टीला मी डब्यात नेली होती. तिला वास ओळखीचा वाटला. त्यांच्याकडेही असंच शेंगदाण्याचं दाट सार करतात, फक्त त्यात कोंबडी घालतात. तेव्हापासून ती मला तिचा देश सांगायला लागली. खाली समुद्र, काठावर राजधानी आक्रा. मध्ये कोकोच्या बागा आणि सोन्याच्या खाणी; त्या सोन्यापायीच इंग्रज त्या मुलखाला गोल्ड कोस्ट म्हणायचे. उत्तरेकडे कोरडं रान, तिथून थंडीत वाळवंटाची धूळ घेऊन वारा येतो आणि ओठ फुटतात. पूर्वेला धरणामुळे झालेलं प्रचंड मोठं सरोवर. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतून माणसांना गुलाम करून जहाजांत भरलं, त्याबद्दल मात्र ती एकदाच बोलली, आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला. आपल्यानंतर दहा वर्षांनी ते स्वतंत्र झाले, म्हणून मी वयाने लहान असूनही ती मला थोरली बहीण म्हणायची.

तिकडे मूल ज्या वारी जन्मतं, त्या वाराचं नाव त्याला मिळतं. मला माझा वार ठाऊक नव्हता. नागपूरला भावाला फोन केला, त्याने पत्रिका काढून गुरुवार सांगितला. दुसऱ्या दिवसापासून ती मला गुरुवारच्या नावाने हाक मारू लागली. ते नाव मी घरी कुणाला सांगितलं नाही.

मीही तिला सगळं सांगायचे. नवऱ्याच्या तब्येतीचं, मुलीच्या लग्नाचं, सासूशी न पटल्याचं.

गेल्या वसंतात ठरलं, जानेवारीत दोघींनी घानाला जायचं, तिच्या बहिणीकडे उतरायचं. सप्टेंबरमध्ये मी रजेचं विचारलं. टाक, मी अप्रूव्ह करते, म्हणाली. त्याच आठवड्यात आम्ही तिकडे जायला लागणारी पिवळ्या तापाची लस घेतली. माझा दंड ठणकत होता म्हणून परतताना तिनेच ड्राइव्ह केलं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी तिने मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. स्क्रीनवर एचआरची मुलगी होती. आमच्या टीममधून सहा जणांना काढत होते, त्यात मी होते. मुलगी समोरचं वाचत गेली. स्क्रीन बंद झाल्यावर मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"जुलैमध्ये. नावं मलाच द्यायची होती."

"मग माझं का दिलंस?"

"बाकीच्यांपैकी तिघांचा व्हिसा नोकरीवर आहे. तुझ्या नवऱ्याची नोकरी पक्की आहे, मुलगी मार्गी लागलीय. तू तगशील, हे मला माहीत होतं."

माहीत असणारच. मीच सांगितलं होतं, त्या टेबलावर.

मला इतकंच म्हणता आलं, "आणि लस घ्यायला माझ्याबरोबर आलीस."

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. "ममा, इट वॉजन्ट पर्सनल," ती समजावत राहिली. मला तर ते पर्सनल होतं, हेच लागलं होतं. माझ्या घरातलं इतकं खासगी दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं.

नोव्हेंबरभर तिचे फोन येत होते. एकदा उचलला. चल ना, बहीण वाट बघतेय, म्हणाली. मी येणार नाही म्हटलं. मग हळू आवाजात तिने मला गुरुवारच्या नावाने हाक मारली. मी तिला सांगितलं, या नावाने मला पुन्हा बोलावू नकोस.

ती जानेवारीत एकटी गेली. मार्चमध्ये मला दुसरी नोकरी लागली, तगले मी. पण नव्या ऑफिसात शेजारची बाई घरच्यांची चौकशी करते तेव्हा मी सगळे मजेत आहेत म्हणते, आणि कामाला लागते.